हुकूम पोहोचवण्याचा खेळ : 'कमांड्स अँड कलर्स: एन्शंट्स'चं परीक्षण, सांगलीच्या बुद्धिबळवाल्यांसाठी

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे या गावातल्या कितीतरी पिढ्यांचे उन्हाळे पटासमोर गेले. सुट्टीत मुलाच्या हातात पट देणं इथल्या घरांना नवं नाही. म्हणूनच या परीक्षणाची सुरुवात बुद्धिबळापासून करतो. 'कमांड्स अँड कलर्स: एन्शंट्स' हा प्राचीन लढायांचा पटावरचा खेळ सांगलीत कुणी विकत घेतलाच, तर बहुधा तो बुद्धिबळ येणारा माणूसच असेल आणि पहिल्या चार-पाच डावांत त्याचीच सगळ्यात जास्त चिडचिड होईल.

बुद्धिबळात ज्याची पाळी असते त्याला सोळापैकी कुठलंही मोहरं हलवता येतं. प्याद्याला हुकूम ऐकू आला नाही किंवा घोडा भलत्याच उत्साहात पुढे निघून गेला, असं पटावर घडत नाही. खऱ्या रणांगणावर मात्र सेनापतीच्या निम्म्या अडचणी याच असतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर डाव्या बगलेला इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण रोहिल्यांची फळी फोडत होती. मध्ये हुजुरातीसह (पेशव्यांच्या खास फौजेसह) सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव होते, उजवीकडे शिंदे-होळकर. विंचूरकर आणि गायकवाडांचं घोडदळ गारद्याच्या बंदुकांपुढे धावून गेलं, त्याच्या गोळीबाराची वाट अडली, आणि उजवी बगल दिवसाचा बराच भाग लढाईत उतरलीच नाही. अब्दालीनं राखून ठेवलेली फौज दुपारनंतर घातली. कागदावर दोन्हीकडचा व्यूह ठीकच होता. फरक पडला तो कुणाचा हुकूम, कुठल्या बगलेला, किती वेळात पोहोचला आणि किती पाळला गेला याने. रिचर्ड बोर्ग यांनी रचलेला हा खेळ याच एका प्रश्नावर उभा आहे, आणि त्याचं सगळं मोल त्यातच आहे.

खेळ जीएमटी गेम्स या अमेरिकी प्रकाशनाचा, २००६ सालचा. दोघांनी खेळायचा. मूळ संचात उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, सिसिलीतलं सिराक्यूज आणि रोम यांच्या लढाया आहेत, म्हणजे साधारण इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीपासून कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या पराभवापर्यंतचा काळ. पट षटकोनी घरांचा, तेरा घरं रुंद आणि नऊ घरं खोल. डावी बगल, मध्य, उजवी बगल असे त्याचे तीन भाग आखलेले आहेत. लाकडी ठोकळे साडेतीनशेच्या आसपास, हुकुमाचे पत्ते ६०, फासे सात, आणि टेकडी, नदी, जंगल दाखवणारे सुटे षटकोनी तुकडे. बारा वर्षांच्या हुशार मुलाला नियम एका संध्याकाळी समजतात. एक लढाई पाऊण ते एका तासात संपते, मांडणीला वीसेक मिनिटं धरा.

स्टिकरांचं काम

पेटी उघडली की लगेच खेळता येत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. ठोकळे कोरे येतात. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना स्टिकर लावायचा असतो, म्हणजे एकूण सातशेच्या घरात स्टिकर. दोन माणसं बसली तर दोन संध्याकाळी जातात. जुन्या छपाईच्या संचात फासेही कोरे आहेत, त्यांच्या सहा-सहा बाजू धरल्या तर आणखी ४२ स्टिकर होतात. वापरलेला संच स्वस्तात मिळत असेल तर फाशांवरची चित्रं झिजली आहेत का, ते आधी पाहा. ठोकळ्यावरचा फिकट स्टिकर चालतो, फाशावरचा चालत नाही.

सांगलीत हे काम जून ते सप्टेंबर या काळात करू नये. कृष्णाकाठच्या दमट हवेत लाकूड ओलावा धरतं आणि स्टिकरच्या कडा महिन्याभरात सुटू लागतात. गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या तळमजल्यावर तर नक्कीच. उन्हाळ्यात, कोरड्या दिवशी, या क्रमाने करा. ठोकळे आधी सुक्या सुती फडक्याने पुसा. त्यांच्यावर लाकडाचा बारीक भुसा असतो, स्टिकर पकडत नाही त्याचं पहिलं कारण तेच. मग एका वेळी एकाच फौजेचा एकच प्रकार घ्या, उदाहरणार्थ रोमन जड पायदळ. ठोकळे मोजून वेगळे काढा, एका बाजूचे सगळे स्टिकर लावा, नंतर उलटे करा. सगळी पानं एकदम उघडलीत की हलक्या पायदळाचे स्टिकर मध्यम पायदळाच्या ठोकळ्यांवर बसतात, आणि ही चूक लक्षात येईपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. ठोकळ्यांचे आकार वेगवेगळे आहेत, त्यामुळे मांडणीच्या कागदावरचा आकार रोज डोळ्यासमोर ठेवा. स्टिकर मधून कडेकडे अंगठ्याने दाबत न्या. कड सुटलीच तर घट्ट गोंदकांडी वापरा. पातळ पांढरा गोंद पाण्याचा असतो, त्याने कागदाला सुरकुत्या पडतात.

पेटीत नीट कप्पे नाहीत. कप्प्यांचे प्लॅस्टिकचे दोन डबे वेगळे घ्या, एक रोमचा आणि एक कार्थेजचा, आणि प्रत्येकात सिलिका जेलच्या पुड्या टाका. प्रकारवार कप्पे केलेत तर मांडणीचा वेळ निम्मा होतो. हा खेळ कपाटात पडून राहण्याचं सगळ्यात मोठं कारण मांडणीचा कंटाळा आहे.

पत्त्यांमध्ये दडलेला सेनापती

तुमच्या हातात काही पत्ते असतात. पाळीला एक पत्ता टाकायचा, त्यात लिहिलेल्या तुकड्यांनाच हुकूम द्यायचा, त्या हलवायच्या, लढवायच्या आणि नवा पत्ता उचलायचा. बरेचसे पत्ते बगलेचे आहेत : डावीकडच्या दोन तुकड्या, मध्यातल्या तीन, असे. काही पत्ते प्रकाराचे, फक्त हलक्या तुकड्यांना किंवा फक्त घोडदळाला. काही मोजके पत्ते अख्खी लढाई फिरवतात. 'लाइन कमांड' टाकला की सलग खेटून उभ्या पायदळाची सगळी ओळ एकाच हुकुमात पुढे सरकते. 'माउंटेड चार्ज' घोडदळाला जादा फासा देतो. 'फर्स्ट स्ट्राइक'ने ज्याच्यावर हल्ला होतोय तोच आधी वार करतो. 'काउंटर अटॅक' प्रतिस्पर्ध्याचा नुकताच टाकलेला पत्ता त्याच्यावर उलटवतो, तोही डाव्याचं उजवं करून.

हातात किती पत्ते, हे प्रत्येक लढाईत दोघांना वेगवेगळं ठरवून दिलेलं असतं, आणि सेनापतीची कुवत तिथे मोजलेली आहे. थोर सेनापतीच्या हातात जास्त पत्ते, म्हणजे जास्त पर्याय. काही पत्त्यांवर तर किती तुकड्यांना हुकूम जाईल हेही याच संख्येवर ठरतं. हॅनिबलच्या शूरपणासाठी वेगळा नियम लिहिलेला नाही. त्याला दोन गोष्टी जास्त सुचतात आणि त्या वेळेत पोहोचतात, एवढंच खेळ सांगतो, आणि ते पुरेसं आहे.

बुद्धिबळवाला इथे अडतो. पाच चालींची योजना त्याच्या डोक्यात तयार असते आणि हातात उजव्या बगलेचा एकही पत्ता नसतो. तो वैतागून मिळेल त्या पत्त्याने मिळेल ती तुकडी पुढे ढकलतो. इथेच डाव हातातून जातो. एकट्या पुढे गेलेल्या तुकडीला आधार नसतो. तिला मागे रेटलं की तिची जागा रिकामी होते, शेजारच्या तुकडीचाही आधार जातो. बरोबर पद्धत अशी : डावाच्या सुरुवातीलाच हातातले पत्ते बगलांप्रमाणे लावा, ज्या बगलेचे तीन पत्ते असतील तिथे लढाई करायची असं ठरवा, बाकीच्या दोन बगला जिथे आहेत तिथेच घट्ट उभ्या ठेवा. 'लाइन कमांड' हातात आला तर लगेच टाकू नका. आधी लहान पत्त्यांनी पायदळाची ओळ सलग करा, मधली भोकं भरा, आणि मग तो काढा. दोन तुकड्यांसाठी वापरलेला 'लाइन कमांड' वाया गेला म्हणून समजा.

एक व्यावहारिक अडचण पत्त्यांच्या भाषेची. सगळा मजकूर इंग्रजीत आहे आणि बारीक अक्षरात. मराठी माध्यमातल्या मुलांसाठी पत्त्यांना पारदर्शक कव्हर घाला आणि मराठीत लिहिलेली चिठ्ठी पत्त्याच्या तोंडाकडच्या बाजूला खालच्या कडेला सरकवा. पाठीमागे ठेवलीत तर पत्ता ओळखू येतो. साठांपैकी बरेच पत्ते दुबार असल्यामुळे तर्जुमा करायला एक दुपार पुरते.

फाशांचं गणित

फाशाला सहा चित्रं : हलक्या तुकडीचं, मध्यम तुकडीचं, जड तुकडीचं, तलवारी, शिरस्त्राण आणि निशाण. समोरच्या तुकडीच्या प्रकाराचं चित्र पडलं की तिचा एक ठोकळा जातो. जड पायदळाला हातघाईत तलवारीचंही चित्र फळतं. शिरस्त्राण फळतं ते फक्त तुकडीसोबत किंवा शेजारच्या घरात आपला सरदार असेल तेव्हाच. निशाण पडलं की समोरच्याने माघार घ्यायची.

जड पायदळ पाच फाशांनी लढतं. समोर मध्यम पायदळ असेल तर प्रत्येक फाशावर सहापैकी दोन चित्रं उपयोगाची, म्हणजे सरासरी पावणेदोनच्या आतबाहेर ठोकळे. सरदार शेजारी आला की सहापैकी तीन, सरासरी अडीच. पायदळाची तुकडी चार ठोकळ्यांची असते. म्हणजे सरदार असेल तर दोन हल्ल्यांत काम होतं, नसेल तर तीन लागतात, आणि त्या तिसऱ्या हल्ल्यासाठी पत्ता असेलच असं नाही. नवे खेळाडू सरदाराला जपून मागे ठेवतात. तो मागे राहिला तर हल्ल्याची एक तृतीयांश धार मागे राहिली. दुसऱ्या टोकाला काही जण त्याला हलक्या तुकडीबरोबर पुढे पाठवतात. ती तुकडी मेली आणि सरदारही पडला तर प्रतिस्पर्ध्याला दोन विजयनिशाणं मिळतात (फाशावरच्या निशाणापेक्षा ही वेगळी, ठरावीक जमली की डाव संपतो). सरदाराची जागा जड किंवा मध्यम पायदळात, ओळीच्या मधोमध. तिथून तो स्वतःच्या आणि दोन्ही शेजारच्या तुकड्यांना बळ देतो.

माघारीचं गणित याहून महत्त्वाचं. पाच फाशांत निदान एक निशाण पडण्याची शक्यता साठ टक्के आहे. पण ज्या तुकडीच्या शेजारी आपल्या दोन तुकड्या उभ्या आहेत, तिला एक निशाण झुगारता येतं. मग तिला हटवायला निदान दोन निशाणं लागतात, आणि त्याची शक्यता वीस टक्क्यांवर येते. फळी अभंग ठेवा, असं प्राचीन काळापासूनचे सगळे सेनापती का बजावत आले, हे या दोन आकड्यांवरून शाळकरी मुलालाही उमगतं. माघार आपल्या पूर्ण चालीइतकी घ्यावी लागते. जड पायदळ एक घर हटतं, हलकं घोडदळ एका निशाणाला चार घरं पळतं. मागे जागा नसेल तर जेवढी घरं जाता येत नाहीत तेवढे ठोकळे जातात. म्हणून पटाच्या कडेला पाठ लावून घोडदळ उभं करू नका.

हल्ल्यानंतर समोरची तुकडी जिवंत आणि जागेवर असेल तर ती उलट वार करते. दोन फाशांच्या हलक्या तुकडीने जड पायदळावर हात टाकणं म्हणजे स्वतःवर पाच फासे ओढवून घेणं. हलक्या तुकड्यांचं काम वेगळं : लांबून भाले-दगड फेकायचे, समोरचा अंगावर आला की सटकायचं, त्याची ओळ वेडीवाकडी करायची.

इथे एक नियम अनेकांना खटकतो. चारपैकी एकच ठोकळा उरलेली तुकडीही पूर्ण फाशांनी लढते. खटकणं समजू शकतो, पण नियम योग्य आहे असं ठाम मत आहे. प्राचीन लढायांत फळी टिकून असेपर्यंत माणसं फार पडत नसत. खरी कत्तल फळी फुटून पाठ दाखवल्यावर होई. ठोकळे हे मेलेल्या माणसांचा हिशेब नाहीत, तुकडीची हिंमत आणि शिस्त किती उरली याचे ते माप आहेत. शिवाय यातून खरा पेच उभा राहतो : एका ठोकळ्याची तुकडी अजून जोरात लढू शकते, पण ती मेली की प्रतिस्पर्ध्याला विजयनिशाण मिळतं. तिला मागे घ्यायला पत्ता खर्चायचा की शेवटचा हल्ला करायचा? पाच ते आठ विजयनिशाणांवर डाव संपतो, त्यामुळे अशी एकेक तुकडी मोलाची असते. शेवटच्या दोन निशाणांवर आल्यावर दुबळ्या तुकड्या मागे काढणाराच जास्त वेळा जिंकतो.

कॅनी

संचातली सगळ्यात भरलेली लढाई हीच. इ.स.पू. २१६, २ ऑगस्ट, दक्षिण इटलीत ऑफिडस नदीच्या काठी. प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या हिशेबाने रोमचं पायदळ ८०,०००, स्वार सहा हजारांवर. हॅनिबलकडे पायदळ ४०,००० आणि स्वार १०,०००. रोमचे दोन कॉन्सल (वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी), पॉलस आणि व्हॅरो, एकाआड एक दिवस सेनापतिपद सांभाळत. त्या दिवशी पाळी व्हॅरोची होती. त्यानं पायदळ नेहमीपेक्षा दाट आणि खोल उभं केलं, वजनानेच मध्य फोडायचा या हिशेबाने.

हॅनिबलनं मध्यभागी गॉल आणि स्पॅनिश पायदळ पुढे फुगवटा काढून उभं केलं आणि भाऊ मॅगोसह स्वतः तिथे थांबला. दोन्ही टोकांना, थोडं मागे, आफ्रिकी पायदळ. नदीकडच्या डाव्या बगलेला हासद्रुबलचं जड घोडदळ, उजवीकडे उत्तर आफ्रिकेतले नुमिडियन स्वार. हासद्रुबलनं समोरचं रोमन घोडदळ उधळलं. त्यानंतर त्यानं जे केलं त्यात या लढाईचा जीव आहे : तो पाठलागात वाहवत गेला नाही. फौजेच्या मागून वळसा घालून त्यानं दुसऱ्या बगलेच्या घोडदळाला पळवलं, मग परत फिरून रोमन पायदळाच्या पाठीवर आदळला. तोवर फुगवटा आत दबत गेला होता, रोमन दाटी आत घुसली होती आणि आफ्रिकी पायदळ दोन्हीकडून आत वळलं होतं. रोमन इतिहासकार लिव्हीच्या आकड्यांप्रमाणे रोमचे ४८,००० च्या आसपास पडले, पॉलिबियस तर सत्तर हजारांचा आकडा देतो. पॉलस मारला गेला, व्हॅरो निसटला.

पटावर हे आपोआप घडत नाही आणि ते चांगलंच आहे. हॅनिबलची बाजू घेणाऱ्याने पहिल्या तीन-चार पाळ्या मध्याला हात लावू नये. मध्याचा पत्ता आला तरी तो फुगवट्यातल्या तुकड्या एक घर मागे घेण्यासाठी वापरावा, म्हणजे रोमन ओळीला अंगावर येण्यासाठी आणखी एक हुकूम खर्चावा लागतो. बगलेचे पत्ते जपून ठेवावेत, दोन जमले की घोडदळ सोडावं. घोडदळाने तुकडी मारली किंवा हटवली की रिकाम्या घरात शिरून, आणखी एक घर पुढे जाऊन, पुन्हा एक हल्ला करता येतो. हासद्रुबलचा वळसा पटावर याच नियमातून येतो. चूक होते ती इथे : दुसऱ्या हल्ल्याच्या मोहात घोडदळ पटाच्या टोकापर्यंत जातं आणि परत आणायला पत्ता उरत नाही. प्रत्येक पाळीला विचारा, हे घोडदळ पुढच्या दोन पत्त्यांत रोमन पायदळाच्या पाठीशी पोहोचेल का? नसेल पोहोचत तर आवरा.

रोमच्या बाजूने खेळणाऱ्याने व्हॅरोला मूर्ख समजू नये. त्याचं वजन खरं आहे. ओळ सलग ठेवून, सरदार मधोमध घेऊन, एक 'लाइन कमांड' आणि त्यामागे मध्याचे दोन पत्ते मिळाले तर फुगवटा खरोखर फुटतो आणि रोम जिंकतो. बगलांचं घोडदळ त्यानं हरणारच असं धरून चालावं, त्याच्यावर पत्ते उधळू नयेत, फक्त ते हळू मरेल असं बघावं. दोन्ही बाजूंनी एकेकदा खेळून निशाणांची बेरीज करणं हीच योग्य पद्धत. एका डावावरून निकाल काढला तर फाशांचा वाटा फार मोठा दिसतो.

झामा (इ.स.पू. २०२) दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी लागेल. हॅनिबलचे ८० हत्ती, आणि रोमचा सेनापती स्किपिओ यानं तुकड्यांमध्ये सरळ गल्ल्या ठेवून त्यांना वाट करून दिली ती युक्ती. बुद्धिबळातला हत्ती सरळ रेषेत हुकमी चालतो. इथला हत्ती समोरच्याइतके फासे घेऊन लढतो, म्हणजे जड पायदळावर सर्वात भयंकर, पण त्याच्यावर निशाण पडलं की तो बिथरतो आणि शेजारी उभं असेल त्याला तुडवतो, मग ते आपलं असो वा परकं. त्यामुळे हत्ती एकटा पुढे काढा, त्याच्या मागच्या-बाजूच्या घरांत आपलं काही ठेवू नका. झामाचा निकाल खरं तर रोमच्या बाजूच्या मॅसिनिसा आणि लीलियस यांचं घोडदळ परत केव्हा येतं यावर लागला, आणि पटावरही रोमच्या खेळाडूने त्याच घड्याळाकडे लक्ष ठेवून पायदळाची लढाई लांबवावी.

ट्रेबिया आणि ट्रासिमीन या हॅनिबलच्या आणखी दोन विजयांच्या मांडण्या मात्र थोड्या निराश करतात, आणि त्यातून खेळाची मर्यादाही कळते. इ.स.पू. २१८ च्या डिसेंबरात ट्रेबियाकाठी मॅगो एक हजार पायदळ आणि एक हजार स्वार घेऊन ओढ्याच्या झुडपांत दडून बसला होता. पुढच्या जूनमध्ये ट्रासिमीन सरोवराकाठी रोमन सेनापती फ्लॅमिनियसची अख्खी फौज धुक्यात वाट चालताना कोंडली गेली. दोन्ही ठिकाणी सगळी करामत समोरच्याला काही न दिसण्यात होती. पटावर सगळे ठोकळे दोन्ही खेळाडूंना दिसतात, दडलेल्या फौजेसाठी नियम नाही. दबा धरलेली फौज डोळ्यांसमोर मांडून ठेवलेली असते.

जे या पेटीत मावत नाही

सातारा-सांगलीच्या माणसाच्या मनात इथे साहजिकच प्रतापगड येईल. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखान वाईचा मोकळा मुलूख सोडून जावळीच्या जंगलात उतरला तेव्हाच अर्धी लढाई झाली होती. भेटीची बोलणी, पारच्या छावणीभोवती झाडीत दडलेलं मावळी पायदळ, गडावरच्या तोफेचा इशारा : यातलं काहीही या पटावर मांडता येणार नाही. पालखेडचंही तेच. १७२८ च्या फेब्रुवारीत पहिल्या बाजीरावांनी निजामाला मुलखातून फिरवत नेलं, त्याच्या तोफा मागे पडतील आणि पाणी-रसद तुटेल अशा जागी आणून कोंडलं आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह करून घेतला. मोठी लढाई अशी झालीच नाही. रसद, मजल, हेर, ऋतू आणि तहाची बोलणी यांचा हिशेब ज्याला हवा आहे, त्याने या खेळाकडून ती अपेक्षा करू नये. फौजा समोरासमोर उभ्या ठाकल्यापासून एक बाजू मोडेपर्यंतचे काही तास, एवढाच याचा आवाका. तेवढ्यात मात्र तो चोख आहे.

या पटावर मराठ्यांच्या लढाया बसवण्याचा मोह टाळावा. खर्ड्याला, १७९५ साली, तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांनी सेनापतिपद केलं ते तोफखाना, कवायती पलटणी आणि मोठं घोडदळ यांचा मेळ घालून. भालेकरी पायदळासाठी बेतलेल्या फाशांत तोफा आणि बंदुका ओढूनताणून बसवल्या की दोन्हींची चव जाते.

कोणी घ्यावा, कसा घ्यावा

बुद्धिबळ येणाऱ्या, फाशांचा अपमान न वाटणाऱ्या दोन माणसांनी जरूर घ्यावा. इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनाही उपयोगी आहे : चाळीस मुलांच्या वर्गात दोन गट करा, प्रत्येक गटात तीन मुलांना एकेक बगल द्या आणि पत्ते एकाच मुलाच्या हातात ठेवा. बगलेच्या मुलाला काय हवं आहे आणि सेनापतीकडे कुठला पत्ता आहे, यातला ताण मुलांना लगेच कळतो. ज्यांना नशिबाचा अंशही नको त्यांनी घेऊ नये. दहा वर्षांखालच्या मुलांसाठीही नको, नियमांपेक्षा वाट बघणं त्यांना जड जातं.

सुरुवात पुस्तिकेतल्या पहिल्या लढाईपासून, म्हणजे अ‍ॅक्रागासपासून करा (इ.स.पू. ४०६, कार्थेजविरुद्ध सिराक्यूज). तुकड्या बेताच्या, जमीन मोकळी, त्यामुळे ओळ आणि आधार हे दोन नियम तिथेच पक्के होतात. हत्ती असलेली लढाई तिसऱ्या बैठकीपर्यंत काढू नका. कॅनी पहिल्याच दिवशी मांडणारे बरेच असतात. ठोकळ्यांच्या गर्दीत कुणाला आधार आहे आणि कुणाला नाही हे दिसेनासं होतं, आणि पेटी परत कपाटात जाते.

खेळण्यांच्या दुकानात हा खेळ सहसा मिळत नाही, मागवावा लागतो. बाहेरून येत असेल तर सीमाशुल्क आणि वाहतूक धरून किती पडेल ते आधी लेखी विचारून घ्या. प्रकाशक पुरेशी आगाऊ नोंदणी झाली की पुन्हा छपाई करतो, त्यामुळे मधल्या काळात प्रती संपलेल्या असतात आणि वापरलेल्या संचाच्या किमती चढतात. घाई नसेल तर पुढच्या छपाईची वाट बघावी. वापरलेला घेतलात तर साठ पत्ते मोजा, दोन्ही फौजांचे सरदार मोजा (एकेकच ठोकळा असल्यामुळे हरवतात तेच) आणि भूभागाचे षटकोनी तुकडे ओल लागून वाकलेले नाहीत ना ते पाहा. सिकंदराच्या लढाया पहिल्या विस्तारात (वेगळ्या विकत मिळणाऱ्या जोडपेटीत) आहेत, सीझरच्या त्यापुढच्या विस्तारांत. कुठलाही विस्तार मूळ संचाशिवाय खेळता येत नाही, कारण पट, पत्ते आणि फासे मूळ पेटीतलेच लागतात. त्यामुळे सिकंदराच्या ओढीने विस्तार आधी मागवू नका, आणि मागवलात तर तेवढेच स्टिकर पुन्हा लावायचे आहेत हे धरून एखादा मे महिना मोकळा ठेवा.